विश्लेषण : जुनी गाडी घेताना कागद चोख निघाले, पण गिअरबॉक्सचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मारुतीने त्या वेळी वॅगन आरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ४ लाख ९८ हजार ९०० रुपये, तर एस-प्रेसोची ३ लाख ४९ हजार ९०० रुपये जाहीर केली. नव्या गाडीचा भाव खाली आला की जुनीचा हिशोबही बदलतो. नाशिकमध्ये तीन-साडेतीन लाखांचं बजेट ठेवून पाच-सहा वर्षं वापरलेली मॅन्युअल गाडी शोधणाऱ्या कुटुंबासाठी नवी आणि जुनी यांतलं अंतर कमी झालं. जुनी घेऊन जे पैसे वाचणार, त्यातच टायर, बॅटरी, विमा आणि नावावर करण्याचा खर्च बसवायचा असतो. त्यात गिअरबॉक्स उघडावा लागला, तर बचत जवळपास संपते.

गंमत अशी की, गाडीबद्दलची बाकी सगळी माहिती आता फोनवर मिळते. गिअरबॉक्सची मिळत नाही.

फोनवर काय दिसतं आणि काय नाही?

एमएच-१५ म्हणजे नाशिक, एमएच-४१ म्हणजे मालेगाव. हा नंबर 'एमपरिवहन' अ‍ॅपमध्ये टाकला की गाडी कधीची, सध्याचा मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडीवर बँकेचा बोजा आहे का, हे कळतं. थकलेली चलनं वेगळी पाहता येतात. पंधरा वर्षांपूर्वी यातल्या एकेका गोष्टीसाठी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात हेलपाटे घालावे लागत किंवा एजंटला पैसे मोजावे लागत.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन सूचना जाते आणि ती गाडी विकली जाईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तोच तिचा मालक मानला जातो. गाडी कशासाठी, कुठे फिरवली याचं रजिस्टरही त्याने ठेवायचं. चोरीच्या गाड्या, मधल्या काळातले अपघात, कोणाच्याच नावावर नसलेल्या गाड्या यांवरचा हा इलाज आहे आणि तो बरा आहे.

पण या नियमांचा सगळा रोख मालकी आणि ताबा यांवर आहे. इंजिन नंबर आणि चासी नंबर जुळतात का हे तपासलं जातं. दुसरा गिअर टाकताना खरखर होते का, हे कोणी विचारत नाही. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं फिटनेस तपासणीही नसते. कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस येतो तो मॉडेल, साल, बॉडी आणि कागद बघून किंमत ठरवतो. म्हणजे व्यवहारात चार-पाच संस्था हात घालतात, आणि गिअर बदलून बघायचं काम त्यातल्या एकीचंही नसतं.

क्लच गेला की गिअरबॉक्स?

पहिला गोंधळ इथेच होतो. 'गिअर पडत नाही' ही एकच तक्रार दोन अगदी वेगळ्या खर्चांकडे नेते.

क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा. पेडल दाबलं की इंजिनची ताकद तुटते, सोडलं की जोडली जाते. त्यातली प्लेट ब्रेकच्या लायनरसारखी घासत जाते. ती संपणं हा बिघाड नाही, ते वापराचं माप आहे. गिअरबॉक्सच्या आत मात्र दातेरी चाकं, शाफ्ट, बेअरिंग आणि सिंक्रो रिंगा असतात. गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणारे भाग एका वेगावर आणायचं काम सिंक्रो रिंग करते. नीट चालवलेल्या गाडीत हे सगळं गाडीच्या आयुष्याइतकं टिकू शकतं.

फरक ओळखायची सगळ्यात सोपी खूण फुकट आहे. गाडी उभी, इंजिन बंद. पेडल दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघायचे. मग इंजिन सुरू करून तेच पुन्हा करायचं. बंद इंजिनवर गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनवर पहिला किंवा रिव्हर्स अडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही असा संशय घ्यावा. केबल, क्लचचं हायड्रॉलिक किंवा प्रेशर प्लेट यांत दोष असू शकतो. बंद इंजिनवरही अडत असेल तर गिअर लिव्हरची जोडणी किंवा गिअरबॉक्स बघावा लागतो.

क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी त्या मानाने पुढे सरत नाही. पहिल्या गिअरमध्ये हे सहसा कळत नाही. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की कळतं. काही जण हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडून बघतात. त्याने चांगल्या क्लचलाही उगाच त्रास होतो. त्यापेक्षा चालत्या गाडीवरची परीक्षा बरी.

सिंक्रो रिंग झिजली असेल तर क्लच पूर्ण दाबूनही ठराविक गिअर टाकताना 'खर्र' होतं. बहुतेकदा आधी दुसऱ्याला आणि तिसऱ्याला, कारण शहरात सर्वाधिक वापर त्यांचाच. इथे एक अपवाद लक्षात ठेवायला हवा : अनेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. गाडी पुरती थांबायच्या आत रिव्हर्स टाकला आणि खर्र झालं, तर त्यात गाडीचा दोष नाही. रिव्हर्समध्ये जाणारी गाडी जरा घूंऽ करते, तेही स्वाभाविकच. विक्रेत्याला नडण्यासाठी हे मुद्दे काढणारा ग्राहक स्वतःचंच हसं करून घेतो.

गिअर आपोआप उडून न्यूट्रल होणं ही मात्र गंभीर खूण. ती वेग वाढवताना कमी आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जास्त दिसते, म्हणजे नेमकी उतारावर, जिथे इंजिनच्या ब्रेकची गरज असते.

आवाजाचंही एक व्याकरण आहे. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतल्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बोलतंय. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज येतो, तर त्या गिअरचे दाते. सगळ्या गिअरमध्ये येतो आणि वेगाबरोबर वाढतो, तर पुढची बेअरिंग किंवा डिफरन्शियल, किंवा नुसतं चाकाचं बेअरिंग, ज्याचा खर्च बराच कमी. इतकं कळलं तरी गॅरेजवाल्याशी बोलणं समपातळीवर येतं.

ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या एएमटी गाड्यांनाही हेच लागू पडतं. आत गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं.

नाशिकमध्ये गाडी कुठे चालवून बघावी?

बहुतेक टेस्ट ड्राइव्ह विक्रेत्याच्या दारातून निघते, सपाट रस्त्यावर दीड-दोन किलोमीटर जाते आणि परत येते. गाणी चालू, एसी चालू, विक्रेता शेजारी बसून अखंड बोलतो. या सगळ्यात गिअरबॉक्स काही सांगत असला तरी ऐकू येत नाही.

शहरातच चांगली परीक्षा घेता येते. द्वारका चौकातली संध्याकाळची कोंडी क्लचसाठी : थांबा, निघा, पुन्हा थांबा. पेडल थरथरतं का, गाडी निघताना धक्के खाते का, वीस मिनिटांनी गिअर जड होतात का, जळका वास येतो का. मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलाचा चढ घसरणाऱ्या क्लचसाठी. त्याच उड्डाणपुलावरून उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून ठेवायचा, गिअर उडतो का बघायला. वेळ असेल तर नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट किंवा इगतपुरीपलीकडे कसारा घाट. चार माणसं बसवून घाट चढलेली गाडी जेवढं सांगते तेवढं कोणतंही प्रमाणपत्र सांगत नाही.

एक अट महत्त्वाची. इंजिन आधी थंड हवं. बोनेटला हात लावून बघावा. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर सकाळी पुन्हा येतो म्हणावं. गार तेलात अडणारा गिअर गरम झाल्यावर सुरळीत होतो आणि गिअरबॉक्सचे काही आवाज याच्या उलट, तेल पातळ झाल्यावरच वर येतात. दोन्ही अवस्था बघितल्याशिवाय मत बनवू नये. गरजेपेक्षा घट्ट तेल भरून खडखड दडपणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. तेल थोडं काढून बघता आलं तर उत्तम : बारीक राखाडी मळ चालतो, चमकणारे धातूचे कण चालत नाहीत.

मीटरवरच्या किलोमीटरबद्दलही इथे बोलायला हवं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. त्यावरून पाचव्या गिअरमध्ये नागपूरला जाऊन आलेल्या गाडीच्या क्लचला फारसं कष्टच पडत नाहीत. तेवढेच किलोमीटर सिडको ते पंचवटी रोज ये-जा करून झाले असतील, तर क्लच हजारो वेळा दाबला गेलेला असतो. म्हणून ९० हजार चाललेली गाडी ४० हजार चाललेलीपेक्षा निरोगी असू शकते. 'किती चालली' याच्या जोडीला 'कुठे चालली आणि कोणी चालवली' हे विचारायला हवं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये राबलेली किंवा आधी टॅक्सी असून नंतर खासगी करून घेतलेली गाडी बाहेरून कितीही टकाटक दिसली, तरी तिच्या क्लचचं वय वेगळं असतं.

खर्च इतका का होतो?

क्लच प्लेट स्वतः फार महाग नसते. पण पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तिच्यापर्यंत पोहोचायचं तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी तिथे लागते. म्हणूनच जाणता मिस्त्री प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलायला सांगतो.

डिझेल गाड्यांत आणखी एक वळण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. त्यामुळे स्विफ्ट, डिझायर किंवा ब्रेझाची डिझेल गाडी हवी असेल तर ती जुन्या बाजारातच मिळते आणि नाशिक-निफाड-येवला पट्ट्यात तिला मागणीही आहे. अनेक डिझेल गाड्यांमध्ये इंजिनाचे हादरे शोषणारं दुहेरी फ्लायव्हील असतं. ते गेलं तर क्लचचा साधा खर्च कित्येक पटींनी वाढतो. इंजिन बंद करताना खडाडखट्ट आवाज आणि पेडलमध्ये सतत थरथर ही त्याची लक्षणं. डिझेल घेताना 'यात डबल फ्लायव्हील आहे का' हा प्रश्न भाव ठरवायच्या आधी विचारावा.

या शहरात खरं तर जाणकारांची वाण नाही. महिंद्राचा कारखाना इथे, बॉश इथे, सातपूर-अंबडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग. अशा ठिकाणी आपल्या ओळखीचा, विक्रेत्याचा नव्हे, मिस्त्री तासभर सोबत नेणं अवघड नसावं. तरीही लोक रंगाची जाडी बघतात, सीट कव्हर बघतात आणि टोकन देऊन मोकळे होतात.

विक्रेता आधीच दुरुस्त करून का विकत नाही?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, खराब गाडीचा मालक आनंदाने विकतो. हळूहळू बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं.

आपल्याकडची कररचना याला हातभार लावते. जैसलमेरला २१ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत नोंदणीकृत विक्रेत्यांसाठी सर्व जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर ठरला. छोट्या गाड्यांवर तो आधी १२ टक्के होता. हा कर पूर्ण किमतीवर नसून खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर लागतो. समजा, विक्रेत्याने गाडी ३ लाखांना घेतली आणि ३ लाख ४० हजारांना विकली. फरक ४० हजार, कर ७,२०० रुपये. आता त्याने मध्ये २५ हजार खर्चून गिअरबॉक्स नीट केला, तरी फरक ४० हजारच धरला जातो, दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. हातात उरणाऱ्या १५ हजारांतून ७,२०० कर. पॉलिश मारणं त्याला दुरुस्तीपेक्षा परवडतं, यात नवल नाही. खासगी मालकाने स्वतःची गाडी विकली तर त्याला हा कर नाही.

फसवणूक झाली तर कायदा काय म्हणतो?

इथे बरेच जण चकतात. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ चा सूर असा आहे की, घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायलाच हवा होता, त्याची हमी विकणाऱ्यावर येत नाही. करार अधिनियमही नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक मानत नाही, बोलण्याचं कर्तव्य असेल तरच मानतो. साध्या भाषेत, तुम्ही गाडी चालवून बघितली, खर्र आवाज ऐकला नाहीत आणि विक्रेता काही बोलला नाही, तर तुमची बाजू कमकुवत.

ती मजबूत होते विक्रेता बोलला तर. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत व्यापाऱ्याने मालाबद्दल जो दावा केला असेल त्यात उणीव निघणं हेही येतं. म्हणून जाहिरातीतलं 'गिअरबॉक्स ओके, काहीही काम नाही' हे वाक्य सोन्याच्या मोलाचं. त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. टोकनच्या पावतीवर 'गिअरबॉक्स उघडलेला नाही, क्लच अमुक तारखेला बदलला' असं लिहून सही घ्यावी. विक्रेता लिहून द्यायला कां-कू करू लागला, तर त्यातही उत्तर मिळालंच.

पण 'व्यापारी' कोण, हा पेच उरतो. एजंट गाडी दाखवतो, भाव ठरवतो, पैसे घेतो, आणि कागदावर विक्रेता असतो तो आधीचा मालक, ज्याने फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून ठेवलेल्या असतात. गिअरबॉक्स गेला की एजंट म्हणतो मी फक्त मध्यस्थ, आणि मालक म्हणतो मी तर गाडी केव्हाच दिली होती. खासगी मालक हा व्यापारी नसल्याने त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा बंद, दिवाणी न्यायालयाचाच उरतो. कोऱ्या सह्यांचा धोका मालकालाही आहे. अशाच हातोहात विकल्या गेलेल्या गाडीच्या अपघातात 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. तेव्हा पैसे ज्याच्या खात्यात जातात त्याच्याच नावाची, त्याच्या पत्त्याची पावती हवी. तो अधिकारपत्र असलेला विक्रेता असेल तर ते दाखवायला सांगावं.

तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. विक्रेता ठाण्याचा किंवा पुण्याचा असला तरी चालतं, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेही दावा दाखल करण्याची मुभा दिली आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. यातला कळीचा भाग पुराव्याचा. गिअरबॉक्स उघडून, दुरुस्त करून, जुने भाग भंगारात टाकून मग तक्रार केली, तर आयोगापुढे ठेवायला फक्त बिल उरतं. आधी विक्रेत्याला लेखी कळवावं, दुसऱ्या गॅरेजकडून लेखी अहवाल घ्यावा, उघडतानाचे फोटो काढावेत आणि काढलेले भाग जपून ठेवावेत.

विम्याचा इथे उपयोग नाही. वाहन विम्याच्या साध्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. इंजिन-गिअरबॉक्स संरक्षणाचं जादा कवच मिळतं, पण ते मुख्यतः पाणी शिरणं किंवा तेल गळणं यातून होणाऱ्या नुकसानीसाठी. मोठ्या साखळी विक्रेत्यांच्या वॉरंटीत गिअरबॉक्सचे आतले भाग येऊ शकतात, पण क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू म्हणून सहसा बाहेर ठेवतात. मग 'दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा' यावर वाद होतो. वॉरंटीच्या कागदात हे दोन शब्द शोधून, त्यांच्यापुढे काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचावं.

अमेरिकेत १९८५ पासून विक्रेत्याला प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर वॉरंटी आहे की गाडी 'जशी आहे तशी' विकली जात आहे, हे सांगणारा कागद लावावा लागतो. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार विक्रेत्याकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली, तर ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. आपल्या २०२३ च्या नियमांत विक्रेत्याची नोंदणी आली, ताब्याची सूचना आली, फेऱ्यांचं रजिस्टर आलं. गाडीच्या यांत्रिक स्थितीचा लेखी तपशील ग्राहकाच्या हाती देण्याची सक्ती त्यात नाही.